पत्र अडले कोठे?

सकाळचा चहा घेऊन तुम्ही संगणकापुढे बसता आणि टपालाचा प्रोग्रॅम उघडता. एरवी निमूटपणे नवी पत्रे पुढे मांडणारा हा प्रोग्रॅम आज एक चौकोनी पाटी पुढे धरतो. तिच्यावर मजकूर : ‘लॉगिन टू सर्व्हर फेल्ड.’ तुम्ही ‘रिट्राय’ दाबता. पाटी पुन्हा येते. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करणे, वायफायच्या डबीची वायर काढून खोचणे, असे सगळे घरगुती उपाय होतात. तेवढ्यात घरातले किंवा शेजारचे कोणीतरी तज्ज्ञ म्हणते, “अहो, ते खातंच काढून टाका आणि परत घाला. होईल सुरळीत!”

वाचकहो, या सल्ल्यापासून जपा. तो कधीकधी लागू पडतो, म्हणून तर फार धोक्याचा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर रत्नागिरीस राहतात. मुलगा व्यापारी जहाजावर. समुद्रावरून त्याची लहान लहान पत्रे येत, मास्तर सावकाश उत्तरे लिहीत. असा अकरा वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या संगणकात होता. एके दिवशी पासवर्डाची वरच्यासारखीच कुरबुर झाली. दुरुस्तीस आलेल्या मुलाने खाते काढले, काढताना ‘रिमूव्ह मेसेज डेटा’ या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पाच मिनिटांत नवे खाते घालून दिले. नवी पत्रे धडाधड येऊ लागली. जुनी एकही नव्हती. बिघाड होता पासवर्डाचा, आणि गेली ती पत्रे!

म्हणून आज या बिघाडांविषयी बोलावयाचे ते एका प्रश्नाच्या अंगाने. पत्र अडले कोठे? आणि त्याच्याही आधी, पत्रे राहतात कोठे? हे ठरल्यावाचून काहीही पुसू नये. उदाहरणासाठी मी मोझिलाच्या ‘थंडरबर्ड’ या प्रोग्रॅमचा आधार घेतो. त्याची पहिली पक्की आवृत्ती 2004 च्या डिसेंबरात निघाली. तो फुकट मिळतो आणि त्याच्या पोटात काय चालले आहे ते उघडून पाहता येते. तुमच्याकडे दुसरा प्रोग्रॅम असेल तर बटणांची नावे निराळी असतील, तत्त्वे हीच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणकावरचा टपालाचा प्रोग्रॅम म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे. तो तुमच्या घरचा गडी आहे. गावच्या पोस्टात, म्हणजे ज्यांच्याकडे तुमचे खाते आहे त्यांच्या सर्व्हरवर, तुमच्या नावाचा एक खण असतो. गडी तेथे जातो, खणातली पत्रे आणतो आणि तुमची पत्रे पोस्टात टाकून येतो. मौज अशी की, आणण्याची वाट वेगळी आणि टाकण्याची वाट वेगळी. टाकण्याच्या वाटेचे नियम ‘एसएमटीपी’ या नावाने ओळखले जातात. जॉन पोस्टेल यांनी ते 1982 साली लिहून काढले. आणण्याच्या वाटा दोन, ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’. पॉप 1984 सालचा. आयमॅपची आखणी मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली.

वाटा वेगळ्या असल्यामुळेच निदान सोपे होते. पत्रे येतात पण जात नाहीत? मग खाते, इंटरनेट, संगणक हे सारे ठीक आहे. दोष टाकण्याच्या वाटेवर आहे. दोन्ही बंद? मग प्रोग्रॅम बाजूला ठेवा, ब्राउझर उघडा आणि तुमच्या टपालसेवेच्या संकेतस्थळावर जाऊन तोच पासवर्ड घालून पाहा. तेथे पत्रे दिसली तर पोस्ट उघडे आहे, खण शाबूत आहे, अडचण गड्याची आहे. तेथेही प्रवेश मिळाला नाही, तर थंडरबर्डाशी झटापट करण्यात अर्थ नाही. एका मिनिटाची ही परीक्षा. पण दहांतले नऊ लोक ती करीत नाहीत आणि तासभर नको ती बटणे दाबत बसतात.

(जाता जाता : खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसे चित्र असते. त्यावर चुकून क्लिक झाले की प्रोग्रॅम ‘ऑफलाइन’ होतो, म्हणजे गडी घरीच बसतो. आधी तेवढे बघा.)

आता पत्रे राहतात कोठे ते पाहू. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये आपल्या खात्याखाली ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा. पहिल्याच ओळीत ‘आयमॅप मेल सर्व्हर’ किंवा ‘पॉप मेल सर्व्हर’ असे लिहिलेले असते. ही ओळ एका कागदावर उतरवून संगणकाला चिकटवून ठेवा, इतकी ती मोलाची आहे.

आयमॅप असेल तर अस्सल पत्रे पोस्टातल्या खणातच राहतात. तुमच्या संगणकावर असतो तो त्या खणाचा आरसा. संगणक जळाला तरी पत्रे सुरक्षित. पण आरशाची दुसरी बाजू अशी की, येथे पत्र पुसले की ते सगळीकडून पुसले जाते, मोबाइलवरूनही. “मी फक्त संगणकावरची काढली हो,” असे म्हणून चालत नाही.

पॉप असेल तर गडी पत्रे घरी घेऊन येतो. मागे पोस्टात प्रत ठेवायची की नाही, हे एका खुणेवर अवलंबून. ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ ही ती खूण. शेजारी अमुक दिवसांपुरतीच ठेवा अशीही सोय असते; तेथे किती दिवसांचा आकडा आहे तो वाचा. तेवढे दिवस उलटले की अस्सल पत्र जगात एकाच ठिकाणी उरते, तुमच्या टेबलावरच्या त्या पेटीत. मास्तरांचे खाते पॉप होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आणि आयमॅपवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. थंडरबर्डात ‘लोकल फोल्डर्स’ नावाचा एक कप्पा असतो. खण भरत आला म्हणून पुष्कळ लोक जुनी पत्रे त्यात ओढून ठेवतात. त्या क्षणापासून ती पत्रेही केवळ घरचीच.

एवढे समजून घेतले की बिघाडांकडे थंड डोक्याने पाहता येते. पहिला मान अर्थातच पासवर्डाच्या पाटीला. पासवर्ड बरोबर असूनही ती का येते? एक कारण साधे आहे. तुम्ही पासवर्ड मोबाइलवर बदललात आणि थंडरबर्ड बिचारा जुनाच सांगतो आहे. सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ आहे. तेथला जुना पासवर्ड काढा, प्रोग्रॅम पुन्हा उघडा, तो नवा विचारील.

दुसरे कारण मात्र पुष्कळांना उमगले नाही. पूर्वी गडी पोस्टात जाऊन तुमचा पासवर्ड सांगे आणि खण उघडून घेई. गुगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही नुसत्या पासवर्डाची पद्धत बंद करण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी तेच 2024 च्या सप्टेंबरात केले. आता मालकाने एकदा स्वतः जाऊन सांगावे की हा गडी माझा, आणि पोस्टाने गड्याला वेगळा परवाना द्यावा, अशी रीत आहे. या परवान्याच्या पद्धतीचे नाव ‘ओऑथ-टू’. ज्यांचे खाते जुन्या काळी घातलेले होते त्यांना एके दिवशी अचानक पासवर्ड चुकल्याची पाटी दिसू लागली. लोकांनी पासवर्ड बदलले, पुन्हा बदलले, स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष दिला. चूक त्यांची नव्हतीच.

उपाय असा. ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ असे सदर आहे. तेथे ‘ओऑथ-टू’ निवडा. मग यादीत अगदी तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे. तेथेही तेच करा. ही दुसरी जागा लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात, “येतं, पण जात नाही.” यानंतर प्रोग्रॅम एक लहानशी खिडकी उघडील. तिच्यात तुम्ही स्वतः सही केल्यासारखा पासवर्ड भरावयाचा. ही खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डाच्या सेटिंगमध्ये कुकी घेण्यास परवानगी आहे ना, ते पाहा. कुकी बंद असतील तर परवाना मिळत नाही. काही सेवांत परवान्याऐवजी प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड काढून घ्यावा लागतो. त्याला ‘ॲप पासवर्ड’ म्हणतात, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर मिळतो.

या सबंध प्रकरणात खाते काढण्याची गरज कोठेही पडली नाही, हे ध्यानात आले ना?

कधीकधी पाटी वेगळीच येते. सर्व्हरचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही, अपवाद म्हणून स्वीकारायचे का, असे ती विचारते. गडबडीत ‘कन्फर्म’ दाबू नका. पोस्टात बसलेला माणूस खरोखर पोस्टाचाच आहे, याची खात्री या प्रमाणपत्राने होते. पण दाबण्यापूर्वी आणखी एक करा : पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहा. संगणकाच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. जुन्या संगणकात तो संपला आणि वीज गेली की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाऊन बसते. मग आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते. तारीख दुरुस्त केली की सारे ठीक. सेल थोड्या पैशांत मिळतो. मात्र घड्याळ बरोबर असून पाटी येत असेल, विशेषतः स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या फुकट वायफायवर, तर पत्र घरी आल्यावर पाहावे.

आता जाणारी पत्रे. येणे ठीक, जाणे बंद, तर आधी ‘आउटगोइंग सर्व्हर’ कोणता नेमला आहे ते पाहावे. एका संगणकावर घरातल्या तिघांची खाती असली की वडिलांच्या पत्रासाठी मुलीचा सर्व्हर नेमला गेला, असे सर्रास होते, आणि सर्व्हर म्हणतो, या नावाचा माणूस आमचा नाही. मग दरवाज्याचा आकडा, ज्याला पोर्ट म्हणतात. पूर्वी 25 हा आकडा चाले. बेवारशी जाहिरातींच्या लोंढ्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी ते दार लावून घेतले. आज 587 किंवा 465 घालावा. येण्यासाठी आयमॅपचा 993 आणि पॉपचा 995. पोर्ट बदलताना शेजारचे ‘कनेक्शन सिक्युरिटी’चे सदरही जुळले पाहिजे : 465 असेल तर ‘एसएसएल-टीएलएस’, 587 असेल तर बहुधा ‘स्टार्ट-टीएलएस’.

आणि वजन! लग्नाचे फोटो जोडले, पत्र जाईना. कारण असे की, ईमेलची व्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी झाली. फोटो तिच्यातून पाठवायचा तर त्याचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागते, आणि त्यात तीन भागांचे चार भाग होतात. पंधरा मेगाबाइटचा फोटो बांधून झाला की वीसच्या पुढे जातो. एखाद्या सर्व्हरची मर्यादा वीसची असेल आणि तो बांधलेले पुडके मोजत असेल, तर तुमचा हिशेब बरोबर असूनही पुडके परत येणार. फोटो दोन पत्रांत विभागा, नाहीतर लहान करून पाठवा.

ज्याने पोटात गोळा येतो तो प्रसंग आणखी पुढे आहे. इनबॉक्स उघडला आणि तो रिकामा!

घाबरण्यापूर्वी काही क्षुल्लक गोष्टी पाहा. वरच्या पट्टीत ‘क्विक फिल्टर’ लागलेले नाही ना? फक्त न वाचलेली पत्रे दाखवा, असे कोठे निवडले गेले नाही ना? तारखेच्या मथळ्यावर क्लिक होऊन यादी उलटी तर झाली नाही? तसे असेल तर आजची पत्रे तळाशी जाऊन बसतात. ‘पत्रे गेली’ म्हणून मला आलेल्या फोनांपैकी बरेचसे एवढ्यावरच मिटले आहेत.

तसे नसेल तर थंडरबर्डाची आतली रचना समजून घ्यावी लागेल. नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरातली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहिलेली असतात. तिचे नाव नुसते ‘इनबॉक्स’. शेजारी त्याच नावाची, पण शेवटी ‘एमएसएफ’ जोडलेली दुसरी फाइल असते. ती सूची. वाचनालयात पुस्तके कपाटात आणि नोंदवही टेबलावर, तसे हे आहे. पडद्यावर दिसते ती यादी नोंदवहीवरून दिसते. प्रोग्रॅम चालू असताना वीज गेली, नोंदवही फाटली, की कपाट भरलेले असूनही ग्रंथपाल म्हणतो, पुस्तके नाहीत! अशा वेळी फोल्डरच्या नावावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि तेथे ‘रिपेअर फोल्डर’ दाबावे. म्हणजे जुनी नोंदवही टाकून कपाटावरून नवी लिहिली जाते. मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. मधेच बंद करू नये.

याच रचनेमुळे आणखी दोन गोष्टी घडतात. तुम्ही पत्र पुसता तेव्हा ते फाइलीतून लगेच जात नाही, त्यावर नुसती काट मारली जाते. जागा मोकळी होते ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. म्हणून पत्रे पुसूनही डिस्क भरलेलीच राहते आणि प्रोग्रॅम सुस्त होतो. कॉम्पॅक्ट करावे, जरूर करावे; पण पॉप खात्यात एखादे महत्त्वाचे पत्र चुकून पुसले असेल तर मुळीच करू नये. प्रोग्रॅम आपण होऊन कॉम्पॅक्ट करण्याविषयी विचारीत असेल तर नको म्हणावे. काट मारलेला मजकूर तोवर त्या फाइलीत जिवंत असतो आणि जाणत्या माणसाला बाहेर काढता येतो. दुसरी गोष्ट व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमची. त्याला एका पत्रात विषारी जोडपत्र सापडले, तर ते पत्र वेगळे काढण्याऐवजी तो कधीकधी सबंध फाइलच, म्हणजे सबंध इनबॉक्सच, उचलून कोठडीत टाकतो. इनबॉक्स एकाएकी नाहीसा झाला तर त्या प्रोग्रॅमची ‘क्वारंटाइन’ नावाची जागा अवश्य तपासा. कोठडीतून फाइल परत मागवता येते.

प्रोग्रॅम उघडताच बंद पडत असेल, तर ‘ट्रबलशूट मोड’ने तो चालवून पाहावा. त्यात वरून जोडलेले ॲड-ऑन बंद राहतात. तसा नीट चालला तर दोष त्यांतल्या एखाद्याचा.

आपल्या मराठी मंडळींची म्हणून एक खास अडचण आहे, तिच्यासाठी दोन शब्द अधिक खर्च करतो. पत्र आले, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे. नीट निरखून पाहा, कारण निदान त्या चिन्हांतच आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो आणि मधून मधून जपानी येनचे चिन्ह डोकावते? तर पत्र उत्तम प्रकृतीत आहे. केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली आखलेल्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांनी लिहितात. तुमच्या प्रोग्रॅमने त्या तिघांना तीन वेगळी रोमन अक्षरे समजून वाचले, एवढेच झाले. ‘व्ह्यू’ या यादीतले ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबा, पुष्कळदा मराठी उमटते.

याउलट, चिन्हे साध्या रोमन अक्षरांची आणि स्वल्पविरामांची खिचडी असेल, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात लिहिलेला आहे. त्या फाइलीत मराठी नाहीच; रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला आहे. तुमच्याकडे तो मुखवटा नाही. येथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही, मजकूर फाँटबदल करणाऱ्या साधनातून काढावा लागेल. आणि अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हेच ओळीने उभी असतील, तर थांबा. वाटेत कोठेतरी अक्षरे खरोखरच गळून पडली आहेत, प्रश्नचिन्हांतून ती परत येत नाहीत. धाडणाऱ्यास पत्र पुन्हा धाडण्यास सांगा.

आता ज्यावाचून यांतला कोणताही उपाय करू नये, ते काम. ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तेथे ‘प्रोफाइल फोल्डर’ या ओळीपुढे बटण आहे, ते दाबले की पत्रे जेथे राहतात ती जागा उघडते. ती विंडोजमध्ये एरवी लपलेली असते, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनाही ती सापडत नाही आणि ‘डेस्कटॉपवरचं सगळं घेतलं बरं का’ असे सांगून ते डिस्क पुसून मोकळे होतात. जागा पाहून ठेवा, थंडरबर्ड पुरता बंद करा, आणि तो सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. त्यात पत्रे, पत्ते, पासवर्ड सारेच असते, म्हणून ती डिस्क कपाटात कुलपात ठेवावी, कोणाच्या हाती देऊ नये.

मास्तरांकडे अशी डिस्क नव्हती. मुलगा सुटीवर आला तेव्हा दोघे बसले. जहाजावरून पाठवलेली त्याची पत्रे जहाजाच्या खात्यात होती. ती जहाजे बदलली, ती खातीही मिटली. पण मास्तरांना एक सवय होती. समुद्रावर पत्र पोचेल न पोचेल, म्हणून प्रत्येक उत्तराची एक प्रत ते मुलाच्या किनाऱ्यावरच्या खात्यावरही टाकीत. आणि उत्तर लिहिताना मूळ पत्र त्यासोबत उतरवून ठेवण्याची या प्रोग्रॅमची रीत आहे. त्यामुळे मास्तरांच्या प्रत्येक उत्तरासोबत मुलाचे पत्र जसेच्या तसे निघाले. ज्या पत्रांना त्यांनी उत्तर धाडले होते, तेवढी सारी परत मिळाली.